चाकण ते चेन्नई, बाराशे किलोमीटर: लांबचं भाडं घेण्याआधीचा हिशेब

"गाडी कधी लागेल?", म्हणजे माल कधी पोचेल, हा प्रश्न माल पाठवणारी पार्टी पहिल्याच फोनवर विचारते. भाडं हातचं जाऊ नये म्हणून इकडून "परवा सकाळी" असं सांगून टाकलं जातं. मग ते खरं करून दाखवायची जबाबदारी ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्यावर पडते. पहाटेची डुलकी, उताराला मारलेला न्यूट्रल, ढाब्यावर न थांबता रेटलेले शेवटचे दोनशे किलोमीटर, हे सगळं त्या एका उत्तरातून निघतं. म्हणून परराज्यातल्या भाड्याचं नियोजन नकाशापासून सुरू करू नये. ते ड्रायव्हरच्या तासांपासून करावं आणि तारीख त्यातून काढावी.

उदाहरण एकच घेऊ. चाकणहून ऑटो पार्ट भरून चेन्नईच्या अलीकडच्या श्रीपेरुंबुदूरला गाडी न्यायची आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकुरू, बंगळूर, होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर. राज्यं तीन, अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास.

तासांचा हिशेब

भरलेल्या ट्रकला चौपदरी रस्त्यावर कायद्याने ताशी ८० ची कमाल मर्यादा आहे, पण ८० ला बाराशे असा भागाकार कोणी करू नये. घाट, टोलनाके, गावाजवळची गर्दी, उड्डाणपुलाच्या कामासाठी सर्व्हिस रोडला वळवलेली वाहतूक हे सगळं धरलं की सरासरी पंचेचाळीसची पडली तरी बरी. म्हणजे नुसतं चाक फिरण्याचे सत्तावीस तास.

आता सोमवारी रात्री नऊला गाडी भरून निघाली आणि पार्टीला बुधवारी सकाळी नऊला माल हवा आहे असं समजा. हातात छत्तीस तास. त्यातले सत्तावीस गाडी चालवण्यात गेले. उरलेल्या नऊ तासांत दोन रात्री, चार-पाच जेवणं, आंघोळ, डिझेल, टायरची हवा आणि नाक्यावरच्या रांगा. झोपेच्या वाट्याला दोन्ही रात्री मिळून चार तास आले तर नशीब. शिवाय सोमवारचा सगळा दिवस ड्रायव्हर कंपनीच्या गेटबाहेर गाडी आत घ्यायची वाट पाहत जागाच होता. त्याला कोणी काम म्हणत नाही, पण शरीर ते मोजतं.

कायद्याची चौकट याच्या अगदी उलटी आहे. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन ते दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ पर्यंत नेता येत होतं, त्याच्या वर नाही. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुट्टी. हा कायदा आता २०२० च्या श्रम संहितेत सामावला गेला असला तरी दिवसाला आठ तास हे मूळ माप तिथेही तेच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ सुद्धा ड्रायव्हरच्या कामाच्या तासांबद्दलच बोलतं. रस्त्यावर ही कलमं तपासताना फारसं कोणी दिसत नाही, हे खरं. म्हणूनच ती ऑफिसात बसून पाळावी लागतात.

त्या चौकटीत आपली फेरी बसवून पाहू. सोमवारी रात्री गाडी भरली तरी निघायचं नाही. ड्रायव्हर झोपेल आणि मंगळवारी पहाटे पाचला गाडी सुटेल. नऊ तास चाक फिरलं की चारशे किलोमीटर होतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत गाडी बेळगावच्या आसपास उभी. बुधवारी तसंच करून शिरा किंवा तुमकुरू. गुरुवारी उरलेलं अंतर तोडून संध्याकाळी श्रीपेरुंबुदूर, आणि शुक्रवारी सकाळी माल उतरून गाडी रिकामी. पार्टीला द्यायचं खरं उत्तर "शुक्रवारी सकाळी" हेच. त्याहून लवकर हवं असेल तर दुसरा ड्रायव्हर द्यायचा आणि त्याचा पगार-भत्ता भाड्यात धरायचा. नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याच्या परवान्याच्या) गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत ही जुनी सक्ती २०१८ मध्ये निघाली, पण सक्ती गेली म्हणून अंतर कमी झालं नाही.

संध्याकाळी पाचला गाडी उभी करणं अनेकांना चैन वाटेल. पण उजेडात जागा मिळते, हा यातला मोठा फायदा. रात्री अकरानंतर ढाब्याची आणि पंपाची पार्किंग भरलेली असते. मग गाडी महामार्गाच्या कडेला, अर्धी डांबरावर अर्धी मातीत लावली जाते आणि मागून येणाऱ्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात झोप सगळ्यात जोरात येते, मग माणूस कितीही मुरलेला असो. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंद डोळे मिटले तर गाडी ६५ मीटरच्या वर पुढे गेलेली असते, बिनड्रायव्हरची. चहा आणि तंबाखूने डोळे उघडे राहतात, मेंदू जागा राहतोच असं नाही. डुलकीवर औषध एकच: बाजूला घेऊन झोपणं.

थांबण्याची ठिकाणंही आधीच ठरवावीत. डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल चोरीला जाईल या धास्तीने ड्रायव्हर एक डोळा उघडा ठेवून झोपतो, आणि तशी झोप दुसऱ्या दिवशी पुरत नाही. राखण असलेल्या पार्किंगचे पैसे मालकाने बिनबोभाट द्यावेत.

पासिंग किती, माल किती

गाडीत किती माल बसतो आणि किती भरायची परवानगी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीचा आकडा, म्हणजेच पासिंग, आरसीवर असतो: माल, डिझेल, माणसं सगळं धरून गाडीचं एकूण वजन. आपली दहा टायर गाडी २८ टन पासिंगची असेल आणि तिचं रिकामं वजन ९ टन असेल, तर माल १९ टन. ताडपत्री, दोर, साखळ्या, स्टेपनी आणि भरलेली टाकी वजनकाट्यावर येतातच. म्हणून रिकामी गाडी एकदा काट्यावर घालून खरं वजन माहीत करून घेतलेलं बरं.

एकूण वजन बरोबर असूनही गाडी चुकीची भरलेली असू शकते. वजनाची मर्यादा प्रत्येक एक्सललाही, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यालाही, असते. २०१८ च्या अधिसूचनेने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन आणि मागच्या जोड-एक्सलची १९ वरून २१ टन केली. जड पेट्या सगळ्या मागे लागल्या तर पुढचा एक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग ऐकत नाही. सगळ्या पुढे लागल्या तर ब्रेक मारताना पुढच्या टायरवर नको तेवढा भार येतो. हमाल त्यांच्या सोयीने लावतात. ड्रायव्हरने लोडिंगच्या वेळी तिथे उभं राहायचं ते एवढ्याचसाठी.

ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा झाला. चार टन जास्त म्हणजे २८ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, उतरवण्याचा खर्चही आपलाच, आणि अनोळखी गावात तो चार टन माल ठेवायचा कुठे हा प्रश्न दंडापेक्षा मोठा. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. लोखंडी सळ्या बॉडीबाहेर काढून नेण्याची जुनी सवय आता २० हजारांची झाली आहे.

यात एक गोष्ट मालकांनी लक्षात ठेवावी. कायदा "चालवणारा" एवढंच म्हणत नाही, चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात येतो. कलम ११३ तर आणखी पुढे जातं: ओव्हरलोड गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर ती मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने चालली होती असं न्यायालय गृहीत धरू शकतं. "ड्रायव्हरने वाटेत परस्पर माल घेतला" हे नेहमीचं उत्तर तिथे आपोआप चालत नाही.

कागद

आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, लायसन ही यादी सगळ्यांना पाठ असते. अडचण यादीत नसते, तारखांत असते. नॅशनल परमिटचंच घ्या. परमिट पाच वर्षांचं असतं, पण दुसऱ्या राज्यांत जाण्याचं ऑथरायझेशन एका वेळी वर्षभराचंच मिळतं आणि त्यासाठी १६,५०० रुपयांचं एकत्रित शुल्क भरावं लागतं. परमिट चालू आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या गाड्या ऑथरायझेशनवर अडकतात. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. म्हणून निघायच्या दिवशी सगळ्या तारखा पाहायच्या त्या "आज चालू आहे का" अशा नाहीत, "गाडी परत घरी येईपर्यंत चालू राहील का" अशा. जाऊन-येऊन दहा दिवस धरा.

डिजिलॉकर आणि एमपरिवहनवरचे कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. पण मोबाईल बंद पडतो, रेंज जाते, म्हणून झेरॉक्सची फाईल केबिनमध्ये असू द्यावी. लायसन गाडीच्या प्रकाराला धरून हवं. ते नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनीने तिसऱ्या पक्षाला दिलेली भरपाई नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. केमिकल किंवा ज्वलनशील माल असेल तर ड्रायव्हरचं खास प्रशिक्षण, लायसनवर त्याची नोंद आणि केबिनमध्ये त्या मालाचं ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि तातडीचे उपाय लिहिलेलं कार्ड) लागतं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

ई-वे बिलावर, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, मात्र जरा थांबू, कारण इथे वेळेचा हिशेब पुन्हा येतो. ५० हजार रुपयांच्या वरचा माल असेल तर आंतरराज्य वाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून ते सक्तीचं आहे. ताजा भाजीपाला त्यातून सुटलेला आहे, म्हणून कांद्याच्या गाडीला ही कटकट नसते. मुदत अंतरावर ठरते: दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या तुकड्याला एक दिवस. आपल्या बाराशेला सहा दिवस मिळतात. घड्याळ सुरू होतं ते बिलाच्या पार्ट-बी मध्ये गाडी नंबर टाकला की. कंपनीचा क्लार्क सोमवारी सकाळीच नंबर टाकून मोकळा होतो आणि गाडी मंगळवारी पहाटे सुटते. चेन्नईच्या फेरीत त्याने बिघडत नाही, पण दीड-दोनशे किलोमीटरच्या भाड्याला तेवढ्यानेच मुदत काठावर येते. अतिमोठ्या आकाराच्या मालाला तर दिवसाला फक्त २० किलोमीटर धरले जातात.

वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घेतला तर पार्ट-बी मध्ये नवा नंबर टाकल्याशिवाय ती गाडी हलवू नये. मुदत संपतेय असं दिसलं तर संपण्याआधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तास, एवढ्याच खिडकीत ती कारण देऊन वाढवता येते. ती चुकली की गाडी जप्त होऊ शकते, आणि मालाचा मालक पुढे आला तरी करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. १८ टक्के कराचा दहा लाखांचा माल असेल तर कर १ लाख ८० हजार आणि दंड ३ लाख ६० हजार. पिनकोडमधली चूक किंवा गाडी नंबरातल्या एक-दोन आकड्यांची चूक अशा किरकोळ गोष्टींसाठी मात्र २०१८ च्या परिपत्रकाने हजार रुपयांचा नाममात्र दंड सांगितला आहे. ड्रायव्हरला एवढं माहीत असेल तर नाक्यावर तो घाबरून भलत्याच तडजोडीला तयार होत नाही.

फास्टॅगवर पैसे आहेत का एवढंच न पाहता टॅग ब्लॅकलिस्ट नाही ना, हेही पाहावं. तो चालला नाही तर टोल जादा पडतो. नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट.

रस्ता आणि उतार

गाडी सुटण्याआधी टायर रॉडने ठोकून पाहणं ही जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. हवा कमी असलेला टायर बद्द वाजतो, आणि जोडटायरमधला आतला टायर बसला असेल तर नजरेला तो कळत नाही. जोडटायरच्या मधे अडकलेला दगड, सैल नट, टाकीतली हवा धरून न ठेवणारी ब्रेक लाईन, मागचे दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर धूर स्वच्छ करणाऱ्या यूरियाची पातळीही, कारण तो संपला की इंजिन ताकद सोडतं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा थांबून दोर पुन्हा ओढून घ्यावेत. माल बसतो, दोर सैल पडतात.

या मार्गावर जाताना खंबाटकीचा चढ, निपाणीनंतर तवंदीचा घाट आणि बेळगावच्या अलीकडे वंटमुरी घाट लागतो. परतीच्या वाटेवरचा कसोटीचा उतार मात्र घराजवळच आहे, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत "ब्रेक निकामी" हे शब्द वारंवार येतात आणि त्यांच्या मागेपुढे बऱ्याचदा न्यूट्रलही असतो.

न्यूट्रल का घात करतो ते पाहू. गिअरमध्ये असताना उतारावर इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रल केला की ती पकड सुटते आणि २८ टन अडवण्याचं सगळं काम ब्रेकवर येतं. ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते. पाय दाबलेलाच असतो आणि गाडी वेग घेत राहते. त्यातच इंजिन संथ फिरत असल्याने कॉम्प्रेसर हवाही हळूहळू भरतो, आणि दर वेळी ब्रेक मारताना टाकीतली हवा खर्च होत जाते. या टप्प्यावर पुन्हा गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही, कारण चाकं आणि इंजिन यांच्या वेगाचा मेळ सुटलेला असतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) लावायचा आणि पायातला ब्रेक अधूनमधून, ठामपणे, थोड्या वेळापुरता वापरायचा.

आणि ज्या डिझेलसाठी हे केलं जातं ते वाचतही नाही. कॉमन रेल इंजिन (आजच्या गाड्यांचं कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल तोडतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. जुन्या गाड्यांवर शिकलेली पिढी हे मानत नाही. वाद घालण्यापेक्षा जीपीएसवर उताराचा वेग पाहून बोलावं.

बंगळूरसारख्या शहरांत अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते आणि वेळा बदलत राहतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. तुमकुरू रोडवरून नाईस रोड धरला की शहराच्या पोटात न शिरता होसूर रोडला निघता येतं. टोल पडतो, पण क्लच आणि वेळ दोन्ही वाचतात.

गाडी रस्त्यात बंद पडलीच तर चारही इंडिकेटर लावून लाल त्रिकोण बराच मागे, पन्नास मीटरच्या पलीकडे ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. झाडाची फांदी आणि दगड हा त्याला पर्याय नाही, आणि दुरुस्तीनंतर तिथेच सोडलेला दगड रात्री एखाद्या दुचाकीवाल्याचा जीव घेतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ११२. अपघातात जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची अपेक्षा कायदाही करत नाही. अशा वेळी सरळ जवळच्या ठाण्यात जावं. जखमींसाठी २०२५ पासून अपघातानंतरचे सात दिवस, दीड लाखांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू आहे, हे तिथे जमलेल्यांना सांगता आलं तरी खूप.

गाडी लागल्यावर

माल उतरवताना पेट्या मोजून, फुटलं-कमी पडलं असेल ते एलआरच्या (लॉरी रिसीटच्या, म्हणजे मालाच्या बिल्टीच्या) पोचपावतीवर लिहूनच सही घ्यावी. कोऱ्या पोचपावतीवर नंतर काहीही लिहिलं जातं. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यावी लागते. मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर लावलेला नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपुरतीच असते. पन्नास हजारांच्या भाड्याला पाच लाख. गाडीत माल चाळीस लाखांचा असेल तर पार्टीने मालाचा विमा वेगळा घेतलेला बरा.

परतीचं भाडं शोधताना एक नियम हमखास विसरला जातो. महाराष्ट्राची नॅशनल परमिटची गाडी श्रीपेरुंबुदूरहून पुण्याचा माल घेऊ शकते, बंगळूरचाही घेऊ शकते. पण श्रीपेरुंबुदूरहून कोइमतूरचा घेऊ शकत नाही, कारण दुसऱ्या राज्याच्या आतल्या आत, दोन ठिकाणांदरम्यान माल उचलून उतरवायला त्या परमिटवर मनाई आहे. दलाल "जवळचंच आहे, रिकामं जाण्यापेक्षा बरं" म्हणून असं भाडं गळ्यात मारतो. पकडली गेली तर परमिटचा भंग म्हणून दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. कोइमतूरहून पुण्याचं भाडं खात्रीने मिळत असेल तर तिथपर्यंत गाडी रिकामी न्यावी आणि ते किलोमीटर परतीच्या भाड्यातून काढावेत.